नव्या माशाला आधी वेगळे घर

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीकडे, न्यू जर्सीतील एडिसन येथे, महिनाभर राहण्याचा योग आला. महिनाभर रुग्ण नाहीत, या आनंदात मी होतो. तिच्या दिवाणखान्यात सुमारे साडेतीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत जिवंत प्रवाळ, दोन कोळंब्या, काही शंखगोगलगायी आणि ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे घरोघरी ठाऊक झालेल्या क्लाउनफिशची एक जोडी होती. माझ्या दहा वर्षांच्या भाचीला निमोसोबत ‘डोरी’ही हवी होती. मी पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी मेहुणे ती निळी मासोळी घेऊन आले. दुकानदाराने सांगितले होते, मासा खातो-पितो आहे, काही करायची गरज नाही. तासाभरात ती टाकीत पोहू लागली.

आठवड्याभराने तिच्या अंगावर बारीक मीठ भुरभुरावे तसे पांढरे ठिपके दिसले. चार दिवसांत ते नाहीसे झाले. आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेथेच फसलो. पुढच्या आठवड्यात तिन्ही माशांवर ठिपके होते आणि क्लाउनफिशच्या जोडीतील लहान मासा तळाशी बसून धापा टाकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. भाची मला म्हणाली, “मामा, तू डॉक्टर आहेस ना? मग उरलेल्यांना औषध दे ना!”

औषध होते, परंतु त्या टाकीत घालता येत नव्हते. नव्या माशाला वेगळे ठेवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर याच एका अडचणीत आहे.

रोगाचा कर्ता क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या त्वचेच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस पोसला जातो. मग मासा सोडून वाळूवर अथवा दगडावर चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. अंगावरील ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असे नव्हे, परजीवी प्रसूतीला गेला असे समजावे. एका कवचातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडतात. बहुतेक कवचे आठवड्याभरात फुटतात, काही महिनाभर थांबतात. ७२ दिवसांपर्यंत थांबल्याचीही नोंद आहे. बाहेर आलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. समुद्रात बहुतेकांचे तेच होते. काचेच्या चार भिंतींत मात्र मासा सुटून जाणार कोठे?

तांबे या परजीवीला मारते, परंतु केवळ पोहत्या अवस्थेत. त्वचेखाली आणि कवचात तो सुरक्षित असतो, म्हणून उपचार किमान दोन-तीन आठवडे चालवावा लागतो. मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखावे लागते. त्याहून कमी झाले तर उपयोग नाही, वाढले तर माशालाच विष. संयुगाच्या रूपातील औषधांची मात्रा निराळी असते, ती वेष्टनावर पाहावी. आणि एवढे तांबे प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी या सर्वांना मारक आहे. पाण्याची क्षारता निम्म्याहून खाली आणण्याचा दुसरा उपायही त्यांना सोसत नाही. प्रवाळाच्या टाकीत एकदा रोग शिरला की मासे बाहेर काढून उपचार करणे आणि टाकी सुमारे ७६ दिवस मत्स्यविरहित ठेवणे, एवढेच उरते.

तेव्हा प्रश्न असा आहे, की महिनाभर आधी थांबावे, की अडीच महिने नंतर?

याविरुद्ध एक युक्तिवाद मी तेथील अनुभवी शौकिनांकडून ऐकला. मासा सुदृढ असेल तर तो रोग पचवतो. उलट लहान, उघड्याबोडक्या टाकीतील ताणानेच मरतो. यात तथ्य आहे. रोगातून वाचलेल्या माशाला काही महिने अंशतः प्रतिकारशक्ती मिळते. पण असा मासा स्वतः ठणठणीत दिसतो आणि शेजाऱ्याला रोग देतो. असे रोगवाहक आम्हा डॉक्टरांना चांगले परिचयाचे आहेत. विलगीकरणात मासे मरतात हेही खरे. पण बहुधा रोगाने नव्हे, घाईघाईने मांडलेल्या टाकीत साचणाऱ्या अमोनियाने. म्हणून माझे मत असे, की वेगळी टाकी तयार नसेल तर मासा आणूच नये. मासा घरी आल्यावर टाकीची तयारी करणे म्हणजे वेणा सुरू झाल्यावर सुईण शोधणे.

तयारी फार खर्चिक नाही. चाळीस ते ऐंशी लिटरची साधी टाकी, हीटर, झाकण, लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे. वाळू-दगड नकोत, ते तांबे शोषून घेतात. स्पंजाचा फिल्टर तीन-चार आठवडे आधी मुख्य टाकीत ठेवावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वस्ती करतात. मासा आत गेल्यावर मात्र तेथील कोणतीही वस्तू मुख्य टाकीत परत आणू नये. जाळी, बादली, पाइप वेगळे. आधी मुख्य टाकीचे काम, मग या टाकीचे, मग हात धुणे. चार ते सहा आठवडे खाणे, श्वास आणि त्वचा पाहावी. नवे प्रवाळ किंवा गोगलगायीही निर्धोक नसतात. कवच त्यांना चिकटून येऊ शकते.

लक्षणे नसतानाही तांबे द्यावे का? साध्या सर्दीला प्रतिजैविक मागणाऱ्यांना मी तीस वर्षे नकार देत आलो, त्यामुळे माझा कल ‘नको’ असाच होता. परंतु परजीवी केवळ कल्ल्यांत दडला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि डोरीची जात या रोगाला विशेष बळी पडते. तिच्या बाबतीत मी मत बदलले. (या कुळाला सर्जनफिश म्हणतात, शेपटीच्या बुडाशी शस्त्रक्रियेच्या चाकूसारखा काटा असतो. आमच्याच व्यवसायातील मंडळींनी घरात संसर्ग आणावा!)

त्या गडबडीत मेहुण्यांनी सुचवले, “दगडच उकळून काढू या.” मी त्यांचा हात धरला. काही प्रवाळवर्गीय जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. असे दगड उकळल्याने वाफेतून घरातील सर्वांना विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत. हे कदापि करू नये.

क्रिप्टोकॅरिऑन माणसाला होत नाही. मात्र १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत सापडलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद गोड्या पाण्याच्या टाकीतही असतो. हाताला जखम असताना टाकीत हात घातल्यावर दोन-चार आठवड्यांनी न दुखणारी, न भरणारी गाठ उठली, तर डॉक्टरांना “घरी मासे आहेत” हे आवर्जून सांगा. उपचार काही महिने चालतो, आणि ही एक माहिती नसल्यास निदानच लांबते. जखम असेल तर हातमोजे घाला.

भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे आपल्याकडील टाक्या बहुधा गोड्या पाण्याच्या. तेथे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी वेगळा आहे, चाल मात्र तीच.

एडिसनची टाकी ७६ दिवस माशांविना राहिली. भाचीने दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारली. डोरी आणि उरलेली क्लाउनफिश उपचारातून वाचल्या. परवा फोनवर तिने मला एक नवा, बोटाएवढा निमो दाखवला. तो आतल्या खोलीत, नळीच्या तुकड्यातून डोकावत होता. त्याच्या जाळीला तिने लाल फीत बांधली आहे. “आज एकोणिसावा दिवस, मामा,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून हात धुवायला गेली.