वैर संपलं नसतं तर : सैन्यांचा एक आढावा, शाहूपुरीतून

कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन शाहूपुरीला लागूनच आहे. तिथून मिरजेकडे निघालेली गाडी गूळ मार्केट ओलांडते आणि थोड्याच वेळात वळिवडे येतं. १९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत होती, त्यांतल्या बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनच्या राजवटीनं त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती कोल्हापूर संस्थानाच्या आश्रयाला आली. महायुद्ध संपल्यावर घरी जायचं, एवढीच त्यांची आस. पण याल्टाच्या बैठकीनंतर त्यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली. मग कोणी इंग्लंड गाठलं, कोणी ऑस्ट्रेलिया, कोणी कॅनडा. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्या जागेचं गांधीनगर झालं.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचं वैर सुरू होत होतं तेव्हा त्याचे पहिले बेघर आपल्या वेशीवर राहत होते. म्हणून ते वैर १९९१ मध्ये संपलंच नसतं तर आजची सैन्यं कशी असती, हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारणं मला अप्रस्तुत वाटत नाही.

जगभरातले लष्करी अभ्यासक आणि हौशी मंडळी या प्रश्नाचं उत्तर बहुधा आकड्यांत देतात. त्यांच्या हाताशी सामग्रीही भरपूर आहे. अमेरिकेला बी-२ ही बाँबफेकी विमानं १३२ हवी होती, बनली २१. एफ-२२ ची मूळ योजना ७५० विमानांची होती, सेवेत आली १८७. सीवुल्फ जातीच्या पाणबुड्या २९ व्हायच्या होत्या, तीनवर थांबल्या. युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या गोदीत ‘उल्यानोव्स्क’ ही सोव्हिएत संघाची पहिली अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका आकार घेत होती, ती १९९२ मध्ये तोडून भंगारात काढली. पश्चिम जर्मनीकडे दोन हजारांवर लेपर्ड-२ रणगाडे होते, एकत्र झालेल्या जर्मनीनं ते तीनशेच्या आसपास आणले आणि २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवाही थांबवली. १९८६ च्या सुमारास जगात जवळपास ७० हजार अण्वस्त्रं होती, आज ती १२ हजारांच्या घरात आहेत. वैर टिकलं असतं तर ही सगळी वजाबाकी झाली नसती, हे उघड आहे.

पण हे उत्तर वॉशिंग्टन आणि मॉस्कोचं झालं. आपल्याकडे काय झालं असतं? त्यासाठी १९९१ चा ऑगस्ट महिना नीट पाहावा लागतो.

९ ऑगस्ट १९७१ रोजी दिल्लीत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या केल्या. मुदत वीस वर्षांची. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, बांगलादेश युद्ध चालू असताना, अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली तेव्हा व्लादिवोस्तोकहून निघालेल्या सोव्हिएत नौका तिच्या मागावर होत्या. त्याच युद्धात मुंबईहून निघालेल्या ‘निर्घात’, ‘वीर’ आणि ‘निपात’ या क्षेपणास्त्र नौकांनी ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर घाव घातला, त्याही सोव्हिएत बनावटीच्या. ऑगस्ट १९९१ मध्ये कराराची मुदत संपत आली आणि दोन्ही देशांनी तो आणखी वीस वर्षांसाठी वाढवला. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि डिसेंबर संपेपर्यंत करारावर सही करणारा देशच नकाशावरून गेला. १९९३ च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीत आले आणि नवा करार झाला, तेव्हा संकटात परस्परांशी सल्लामसलत करण्याचं जुनं कलम त्यात उरलं नव्हतं.

तो उठाव झाला नसता, सोव्हिएत संघ तगला असता, तर करार २०११ पर्यंत चालला असता. शस्त्रांची खरेदी रुपयांत आणि नाममात्र व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जावर होत राहिली असती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आपला संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास गेला होता, आज तो दोन टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल सुंदरजी यांच्या डोक्यातलं चिलखती आणि यांत्रिकी सैन्य, ‘ब्रासटॅक्स’ सरावात ज्याची झलक दिसली, ते कदाचित पूर्णत्वाला गेलं असतं. नगरच्या आर्मर्ड कोअर केंद्रात आजच्यापेक्षा जास्त रणगाडे धडधडले असते. इथे एक सावधगिरी मात्र हवी. १९९१ मध्ये आपली स्वतःचीच तिजोरी रिकामी होती, सोनं गहाण टाकायची वेळ आली होती. त्यामुळे कपातीचं सगळं खापर मॉस्कोवर फोडता येत नाही. स्वस्त कर्ज मिळत राहिलं असतं, तरी डिझेल आणि पगार आपल्यालाच भागवायचे होते.

पाकिस्तानच्या बाजूनं चित्र अधिक भीतिदायक दिसतं. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये अफगाणिस्तानातून माघारी गेल्या आणि अमेरिकेला इस्लामाबादची गरज उरली नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये पाकिस्तानची मदत रोखणारी अमेरिकी कायद्यातली प्रेसलर दुरुस्ती लागू झाली आणि पाकिस्तानला मिळायची २८ एफ-१६ विमानं अमेरिकेतच अडकून पडली. वैर चालू असतं, तर ती विमानं बहुधा मिळाली असती आणि त्यामागून आणखीही. कारगिलच्या शिखरांवर १९९९ मध्ये आपल्या मिराजनी लेसर बाँब टाकले, तेव्हा समोर तसं हवाई दल असतं तर? या प्रश्नाचं उत्तर मी सहजपणे देणार नाही.

चीनचंही तसंच. त्यांची पहिली विमानवाहू नौका ‘लिआओनिंग’ म्हणजे मिकोलाइव्हमध्ये अर्धवट पडून राहिलेली सोव्हिएत ‘वार्याग’. १९९८ मध्ये ती विकली गेली आणि २०१२ मध्ये चिनी आरमारात दाखल झाली. सोव्हिएत संघ तगला असता तर ‘वार्याग’ त्याच्याच झेंड्याखाली समुद्रात उतरली असती आणि चीनचं आरमार निदान काही वर्षं मागं राहिलं असतं.

पण तोच न्याय आपल्याला लावावा लागतो. कारवारच्या तळावर उभी राहणारी ‘विक्रमादित्य’ मूळची ‘बाकू’. तीही मिकोलाइव्हचीच, १९८७ मध्ये सोव्हिएत सेवेत आलेली. दिवाळखोर रशियानं ती मोडीत काढली नसती तर आपल्याला कधीच मिळाली नसती. २००४ मध्ये ठरलेली किंमत पुढे दुपटीहून जास्त झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ती आपल्या ताब्यात आली. गोव्याच्या ‘हंसा’ तळावरची मिग-२९के विमानं तिच्यासाठीच आलेली. सुखोई-३०चंही तसंच. १९९६ मध्ये करार झाला तेव्हा इर्कुत्स्कच्या कारखान्याला गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून आपल्या मागणीनुसार फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय उपकरणं एकाच विमानात बसवायला रशिया राजी झाला. मॉस्को भरात असताना अशी सरमिसळ त्यानं सहसा खपवून घेतली नसती. ब्राह्मोस क्षेपणास्त्राचा १९९८ चा भागीदारी करारही याच गरजेतून झाला. पुण्याला लोहगावच्या धावपट्टीवरून उडणारी सुखोई ज्यांनी ऐकली आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावं की तो आवाज एका महासत्तेच्या मोडण्यातून आपल्यापर्यंत पोचला आहे.

माझं म्हणणं इथे येऊन ठरतं. वैर टिकलं असतं तर भारतीय सैन्य अधिक मोठं असतं, पण ते अधिक आपलं असतं असं मला वाटत नाही. भलंमोठं, एकाच दुकानातून भरलेलं आणि त्या दुकानदाराच्या मर्जीवर चालणारं सैन्य झालं असतं.

मोडतोडीची किंमतही आपण कमी मोजली नाही. माझगाव डॉकमध्ये ‘दिल्ली’ या विनाशिकेची उभारणी १९८७ मध्ये सुरू झाली होती. यंत्रं आणि शस्त्रं सोव्हिएत संघाकडून यायची होती, आणि तोच कोसळला. ती आरमारात आली १९९७ मध्ये. तिचे गॅस टर्बाइन बनवणारा कारखाना मिकोलाइव्हचा, म्हणजे १९९१ नंतर परदेशाचाही परदेश. नव्वदच्या दशकात मिगच्या एकेका सुट्या भागासाठी कुठल्या नव्या देशाचं दार ठोठवायचं, हेच आधी शोधावं लागे. हा गुंता अजून सुटलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कालिनिनग्राडला ‘तुशिल’ ही युद्धनौका आपल्या आरमारात दाखल झाली. ती रशियन गोदीत बांधलेली, पण तिची इंजिनं युक्रेनची. युद्ध पेटलेल्या दोन देशांमध्ये भारतानं ती विकत घेऊन रशियाला दिली, तेव्हा कुठे जहाज पुरं झालं.

एका अर्थी वैर संपलं नसतं तर काय, याचा काहीसा नमुना फेब्रुवारी २०२२ पासून युरोपात पाहायला मिळतो आहे. वळिवड्याच्या पाहुण्यांचा पोलंड एकेकाळी वॉर्सा करारात होता. पूर्वी आपल्या आरमारात असलेली ‘घोरपड’सारखी उतराई जहाजं आणि आपल्या वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरलेली इस्क्रा विमानं त्याच पोलंडनं बनवलेली. १९९९ मध्ये तो नाटोत गेला. आता तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून अधिक संरक्षणावर खर्च करतो, दक्षिण कोरियाकडून के-२ रणगाड्यांची मोठी खरेदी करतो आणि अमेरिकेकडून अब्राम्स घेतो. तीस वर्षांची वजाबाकी तिथे पुन्हा बेरजेत चालली आहे.

कोल्हापूरकरांना या सगळ्यात जवळचा वाटणारा भाग यंत्रांचा नाही, भरतीचा आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नावच तिथल्या पिढ्यांची नोकरी सांगतं. कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्स विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या. प्रादेशिक सेनेची मराठा बटालियन आजही टेंबलाईच्या टेकडीपाशी आहे, आणि बेळगावचं केंद्र तर आपल्याला घरचंच. शीतयुद्धाची सैन्यं माणसांवर उभी होती. ती टिकली असती तर पायदळाच्या पलटणी वाढल्या असत्या आणि पहाटे रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणाऱ्या पोरांना जागा जास्त मिळाल्या असत्या. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली : चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर शंभरांतले पंचवीस कायम. पगार आणि निवृत्तिवेतन यांतच अंदाजपत्रकाचा मोठा वाटा जातो, तो कमी करून यंत्रांकडे वळवायचा, हा त्यामागचा एक हिशेब. जगभरच्या सैन्यांनी १९९१ नंतर माणसं कमी करून तंत्रज्ञान वाढवण्याची जी वाट धरली, त्याच वाटेवर आपण तीस वर्षांनी पाऊल टाकलं. मला हा हिशेब कळतो, तरीही पलटणीत पंधरा-सतरा वर्षं काढलेल्या हवालदाराकडून नव्या पोराला जे मिळतं ते चार वर्षांच्या सैनिकाकडून कसं मिळणार, ही काळजी जात नाही.

अण्वस्त्रांबद्दल थोडक्यात. १९९५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार कायमचा झाला आणि १९९६ मध्ये चाचणीबंदीचा करार पुढे आला. दोन्ही गोष्टी वैर निवल्यामुळेच इतक्या वेगानं घडल्या, आणि त्या दबावातूनच १९९८ चं पोखरण लवकर आलं. वैर चालू असतं तर आपण बहुधा आणखी बरीच वर्षं बॉम्ब तयार आहे की नाही, हे न सांगता राहिलो असतो.

शेवटी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्याकडे यावं लागतं, आणि त्यासाठी आधी यशवंतराव चव्हाणांकडे. चव्हाण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९६२ च्या पराभवानंतर ते संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेत एफ-१०४ विमानं मागायला गेले होते. नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना तिथेच कळली आणि दौरा अर्धवट टाकून ते परतले. अमेरिकेनं ती विमानं दिली नाहीत. त्याच वर्षी पुढे चव्हाण मॉस्कोला गेले. मिग-२१ चा सोव्हिएत संघाशी करार १९६२ मध्येच झाला होता. त्याची विमानं ओझरला बनू लागली आणि सहाशेहून अधिक मिग-२१ भारतात तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला शेवटच्या मिग-२१ नी निरोप घेतला. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. त्याचं इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं. चव्हाणांना नाकारलेल्या एफ-१०४ मध्येही त्याच कंपनीचं इंजिन होतं. २०२१ मध्ये अशा ९९ इंजिनांचा करार झाला, त्यातलं पहिलं भारताच्या हाती पडलं मार्च २०२५ मध्ये, ठरल्यापेक्षा जवळपास दोन वर्षं उशिरा.