शिक्षकाने संघात का जावे?

शिक्षकाने आपल्या संघाचे सभासद व्हावे की न व्हावे, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अजून दबक्या आवाजातच चर्चिला जातो. गिरणीकामगाराने संघ केला तर ते स्वाभाविक वाटते. बँकेतील कारकुनाने संघाची वर्गणी भरली तर त्यात कोणास वावगे दिसत नाही. परंतु शाळेत शिकविणारे चिरंजीव अथवा सूनबाई संघाच्या सभेस निघाल्या, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘आपण पडलो विद्यादान करणारे, आपणांस ही मोर्च्यांची भानगड कशाला?’ हा त्या आठीचा अर्थ. उमेदीची सारी वर्षे फळ्यापुढे घालविल्यावर या समजुतीचा थोडा समाचार घ्यावा, असे आम्हांस वाटते.

ही समजूत जुनी आहे, हे खरे. वेतन घेऊन शिकविणाऱ्यास मनुस्मृतीने ‘भृतकाध्यापक’ म्हणून श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले आहे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रातील नाट्याचार्य गणदासही केवळ पोटासाठी विद्या बाळगणाऱ्यास व्यापाऱ्यात जमा करतो. गंमत ही, की हे बोलणारा गणदास स्वतः राजाच्या पदरी वेतनावर आहे आणि त्या वेतनाची आठवण विदूषक भर दरबारी काढतो! पूर्वीच्या गुरूस दक्षिणा होती, अग्रहार होते, राजाश्रय होता. वेतन नाकारण्याचा थाट त्यास परवडत असे. आज आपण सारे भृतकाध्यापकच आहोत, आणि त्यात लाजण्याजोगे काही नाही.

त्यागाचा दाखला म्हणून पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे नाव हटकून निघते. 1880 साली ती शाळा निघाली, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तेथील आजीव सभासदांनी अल्प वेतनावर आयुष्याची वर्षे वाहिली, हे आम्ही आदराने स्मरतो. परंतु हा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. ते आजीव सभासद संस्थेचे नोकर नव्हते, चालक होते. वेतन किती घ्यावे, बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, हे ते आपसांत बसून ठरवीत. याच वादातून लोकमान्य टिळकांनी 1890 साली राजीनामा दिला. आजच्या खाजगी शाळेतील शिक्षकास त्या बैठकीत आसन तरी आहे काय? ज्याला मत नाही त्याच्याकडून त्याग मागणे, यास दुसरे नाव आहे. ते सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

‘मग कायदा आहे की!’ असे कोणी म्हणेल. कायदा खरोखरीच आहे, आणि चांगला आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम हा 1977 चा असून 1981 पासून तो अमलात आला. अनुदान असो वा नसो, मान्यताप्राप्त खाजगी शाळांस तो लागू आहे. शिक्षकांप्रमाणेच लिपिक व शिपाई यांसही त्याचे संरक्षण आहे. राजीनाम्याविषयी त्यात स्पष्ट लिहिले आहे, की तो दोन प्रतींत लिहावा, दोहोंवर सही व तारीख घालावी आणि एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी. कारण उघड आहे. नेमणुकीच्या वेळीच बिनतारखेचा राजीनामा लिहून घेण्याची चाल कायदा करणाऱ्यांस ठाऊक होती.

तरीही आमच्या वाणगावातील एका तरुण शिक्षिकेकडून असाच कागद घेतला गेला. शाळेचे नाव आम्ही लिहीत नाही. सही एका आकड्यावर आणि हाती त्याहून कमी, असाही प्रकार तेथे चाले. आम्ही तिला कायद्याचे कलम दाखविले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, हे कलम मी एकटीने कोणासमोर वाचू?” आम्हांस उत्तर सुचेना.

विचार करून पाहावा. कामावरून काढल्यास तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. आज चाकरी गेली, आणि महिन्याच्या आत कागद जमवून वकील गाठावयाचा! त्याआधी चौकशी समिती बसली, तर तिच्यावर एक सभासद नेमण्याचा हक्क कर्मचाऱ्यास आहे. मात्र तो कोणत्या तरी खाजगी शाळेतील कर्मचारीच असला पाहिजे. दुसऱ्याच्या संस्थाचालकांपुढे बसून खरे बोलेल, असा सहकारी संकटाच्या दिवशी कोठून आणावा? तो आधीपासून ओळखीचा असावा लागतो, आणि ती ओळख संघातच होते. कायद्याने जागा ठेवली आहे. तीत बसावयास माणूस संघच देतो.

न्यायालयांचा अनुभवही हेच सांगतो. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली निर्णय दिला, की शाळा हा ‘उद्योग’ असला तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालील ‘कामगार’ नव्हे. म्हणजे गिरणीकामगाराचे ते दार आम्हांस बंद! पुढे उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, प्रश्नावर अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांचा संघ त्याच न्यायालयात गेला व 2004 साली हरला. परंतु संघाने भांडलेला खटला हरला तरी वाया जात नाही. संसदेने 2009 साली कायदा दुरुस्त करून शिक्षकांस 3 एप्रिल 1997 पासून त्याचा लाभ दिला, आणि 2022 साली न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. एकट्या शिक्षकाने इतका काळ तग धरला असता काय?

संघांत दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. बदल्यांची शिफारस आणि निवडणुकीची जुळवाजुळव यांतच कित्येक पुढाऱ्यांचा दिवस मावळतो. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च 2023 मध्ये सात दिवसांचा संप झाला. मागणी रास्त होती; पण दहावी-बारावीच्या परीक्षांचे ते दिवस आम्हांस रुचले नाहीत. आमच्या डहाणू तालुक्यात तर शाळा बंद म्हणजे पाड्यावरच्या मुलाचे दुपारचे जेवणही बंद. पण हे सभेत उठून कोणी सांगावयाचे? विचारी माणसे घरी बसली, तर संघ उतावळ्यांच्याच हाती राहणार. शिवाय 1977 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या चोपन्न दिवसांच्या संपानंतर जो केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळाला, तो त्या वेळी घरी बसलेल्यांनीही निमूटपणे खिशात घातलाच!

घरच्या वडीलमंडळींना आमची विनंती एवढीच, की मुलगा वा सून सभेस निघाली तर अडवू नये. आमच्याकडे विरारकडून लोकलने येणारे कित्येक शिक्षक वाणगाव स्थानकावर उतरतात; संध्याकाळच्या गाडीची घाई असल्यामुळे शेजारच्या शाळेतील माणसाचे नावही त्यांस ठाऊक नसते. त्यांच्यासाठी सभा रविवारी सकाळी ठेवावी. आणि सभेस लिपिक व शिपाई यांनाही आवर्जून बोलवावे; कोणाच्या नावापुढे किती रक्कम लिहिली आणि प्रत्यक्षात किती दिली, हे पुष्कळदा प्रथम लिपिकालाच कळलेले असते.