फुफाटा उठतो तो चाकाखालून

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या पाणंद रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते आणि कडेची पिके मातकट होतात. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर शहरही आहे. तरी धुळीबद्दलचे काही समज हटत नाहीत.

गैरसमज : धूळ वारा उडवतो, गाड्यांचा काय दोष?

वस्तुस्थिती : पावसानंतर वाळलेल्या मातीवर पापुद्रा धरतो. तो शाबूत असेल, तर साध्या वाऱ्याचे फारसे चालत नाही. चाक तो फोडते, मुरूम दळून त्याचे पीठ करते आणि गाडीमागे उठणारा हवेचा झोत ते वर उचलतो. म्हणूनच यात्रेच्या मैदानावर किंवा बांधकामाच्या जागेवर एकच चाकोरी आखून बाकीची जमीन चर खणून, दगड लावून गाड्यांना बंद करायची असते.

गैरसमज : अवजड गाड्या थांबवल्या की झाले.

वस्तुस्थिती : वेग आणि खेपाही तितक्याच महत्त्वाच्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कच्च्या सार्वजनिक रस्त्यांसाठी दिलेल्या सूत्रानुसार वेग निम्मा केला, तर पीएम 10, म्हणजे धुळीतले बारीक कण, सुमारे 30 टक्क्यांनी घटतात. औद्योगिक आवारातल्या रस्त्यांच्या सूत्रात गाडीचे वजन दुप्पट झाले, तरी धूळ दुप्पट होत नाही; सुमारे 37 टक्के वाढते. अर्धवट भरलेल्या दोन खेपांपेक्षा नियमात बसणारी एक भरलेली खेप त्यामुळे बरी.

गैरसमज : टँकरने पाणी मारले की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : पृष्ठभागातला ओलावा दुप्पट झाला, तर धूळ सुमारे 75 टक्के कमी होते, हे खरे. पण चाळिशीपार गेलेल्या उन्हात तो टिकत नाही आणि गाड्या जितक्या जास्त, तितका रस्ता लवकर सुकतो. प्यायलाच टँकर लागणाऱ्या भागात आधी वर्दळ आवरलेली परवडते.

गैरसमज : धुळीने फार तर डोळे चुरचुरतात.

वस्तुस्थिती : पीएम 10 कण श्वासावाटे आत शिरतात. भारतीय मानकानुसार त्यांची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, तर वार्षिक 60 आहे. नुकसान बागेचेही होते. पानांवर धूळ बसली की कोळी किडीला खाणारे मित्रकीटक मंदावतात आणि किडीचे फावते. रस्त्यालगतच्या डाळिंबाच्या ओळींवर म्हणूनच आधी नजर ठेवावी लागते.