लेक्सस एलएस : पाच पिढ्या आणि आपला खिसा

आपल्याकडे घराच्या खालोखाल मोठी खरेदी गाडीची. तरीही मुलांचा कॉलेज फंड आणि आयुर्विमा यांवर जेवढा खल होतो, तेवढा गाडीवर होत नाही. गाडीची चर्चा बहुधा रंग आणि बिल्ला यांपाशीच थांबते. गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या तिघाचौघा सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला : "नव्या कॅमरीच्या निम्म्या पैशांत जुनी लेक्सस एलएस मिळते आहे. घ्यावी का?" मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण यंत्रांची आवड इंजिनिअरिंग कॉलेजपासूनची. माझे उत्तर असे, की कोणत्या पिढीची एलएस यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून आधी या गाडीचा थोडा इतिहास पाहू.

१९८३ साली टोयोटाचे प्रमुख एजी टोयोडा यांनी आपल्या इंजिनिअरांना जगातल्या उत्तमोत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी बनवण्याचे आव्हान दिले. मुख्य इंजिनिअर इचिरो सुझुकी यांच्या हाताखाली कित्येक वर्षे काम चालले आणि जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात एलएस ४०० लोकांपुढे आली. चार लिटरचे व्ही-८ इंजिन, २५० अश्वशक्ती आणि किंमत ३५,००० डॉलर! त्या वर्गातल्या जर्मन गाड्या याहून खूपच महाग होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन ग्राहकांच्या तक्रारींवरून कंपनीने विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. बऱ्याच गाड्या मालकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊन, टाकी भरून परत दिल्या. लेक्ससच्या नावाला जो भाव आला, त्याचा पाया इथे घातला गेला.

दुसरी पिढी १९९५ च्या मॉडेलची. बाहेरून फारशी बदललेली वाटत नाही, पण आतले बहुतेक भाग नवे होते. १९९८ च्या मॉडेलपासून इंजिन २९० अश्वशक्तीचे झाले आणि गिअर पाच झाले. १९९६ सालची अशी एक एलएस ४०० अमेरिकेत दहा लाख मैल चालली आहे. ती अर्थात वेळच्या वेळी देखभाल झालेली गाडी होती.

तिसरी पिढी म्हणजे २००१ ते २००६ ची एलएस ४३०. इंजिन ४.३ लिटरचे, आतली जागा ऐसपैस आणि शांतता अशी, की सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद हे कळू नये. चौथी, २००७ च्या मॉडेलपासूनची एलएस ४६०. हिला ३८० अश्वशक्ती आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. असा गिअरबॉक्स विक्रीच्या गाडीत तेव्हा प्रथमच आला. ही गाडी हवी असल्यास स्वतःचे स्टिअरिंग फिरवून पार्किंगमध्येही शिरत असे. पाठोपाठ २००८ च्या मॉडेलची एलएस ६०० एच एल ही हायब्रिड आली. तिची किंमत लाख डॉलरच्या पुढे गेली. पाचवी पिढी २०१८ च्या मॉडेलची एलएस ५००. हिच्यात व्ही-८ जाऊन दोन टर्बोचे व्ही-६ आले, ४१६ अश्वशक्ती, दहा गिअर. अमेरिकेसाठी २०२६ चे मॉडेल शेवटचे असल्याचे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. त्या शेवटच्या आवृत्तीच्या फक्त २५० गाड्या आणि किंमत सुमारे ९९,००० डॉलर.

आता जरा हिशोब करू. १९८९ चे ३५,००० डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे सुमारे ९०,०००. म्हणजे पहिली एलएस 'स्वस्त' होती ती जर्मन गाड्यांच्या तुलनेत. तिचे सुटे भाग, बांधणी, इलेक्ट्रॉनिक्स सगळे ९०,००० डॉलरच्या गाडीचे. वीस वर्षांनी गाडीची किंमत सात-आठ हजारांवर येते, पण तिच्या भागांची किंमत त्या प्रमाणात खाली येत नाही. जुनी आलिशान गाडी घेताना ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे : विकत घेताना भाव जुन्या गाडीचा, दुरुस्तीला मात्र महागड्या गाडीचा.

इथे पिढ्यांचा इतिहास कामी येतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्हांला रोज अनुभव येतो, की जितकी जास्त फीचर्स, तितक्या बिघडण्याच्या जागा जास्त. एलएसचेही तसेच. पहिल्या तीन पिढ्यांच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो साधारण ९०,००० मैलांनी, वॉटर पंपासकट बदलावा लागतो. १९९८ नंतरच्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच निकामी होऊ शकते. म्हणून "बेल्ट केव्हा बदलला?" याचे उत्तर तोंडी घेऊ नका, पावती पाहा. एलएस ४६० पासून बेल्टच्या जागी चेन आली, तो खर्च वाचला. पण तिच्या पुढच्या सस्पेन्शनच्या आर्म्सचे रबरी बुश झिजतात आणि बऱ्याचदा आख्खे आर्म बदलावे लागतात. एअर सस्पेन्शन कोणत्याही पिढीत असो, वय झाले की हवा गळते. तेव्हा साध्या स्प्रिंगची गाडी मिळत असेल तर तीच घ्या. हायब्रिडमध्ये यावर बॅटरीची भर.

सुरक्षिततेचाही विचार हवा. पहिल्या एलएसला सुरुवातीला एअरबॅग फक्त ड्रायव्हरपुढे होती. हौसेची गाडी म्हणून ती ठीक, पण मुलांना रोज शाळेत सोडायला मी ती सुचवणार नाही.

माझे मत विचाराल तर खर्च, आराम आणि साधेपणा यांचा मेळ एलएस ४३० मध्ये सर्वांत चांगला बसतो. ही गाडी पाचव्या पिढीपेक्षा उंच आहे. भारतातून आई-बाबा राहायला आले आणि त्यांचे गुडघे कुरकुरत असले, तर हा फरक आकड्यांपेक्षा मोठा ठरतो. एलएस ५०० चे छप्पर कूपेसारखे उतरते. एअर सस्पेन्शनच्या एलएस ५०० मध्ये चढता-उतरताना गाडी वर उचलली जाते खरी, पण ती सोय त्याच महागड्या यंत्रणेवर चालते.

घ्यायचीच ठरली, तर एवढे करा. व्हिन नंबरवरून केंद्र सरकारच्या वाहन सुरक्षा विभागाकडे प्रलंबित रिकॉल मोफत तपासा. एलएस ४६० च्या सुरुवातीच्या गाड्यांना २०१० मध्ये व्हॉल्व्हच्या स्प्रिंगसाठी रिकॉल होता, ते काम झाले आहे का पाहा. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्या. बर्फाच्या राज्यातली असेल तर खालून गंज बघा. विम्याचा हप्ता आधी विचारा आणि प्रीमियम पेट्रोलचा खर्च धरा. शेवटचे म्हणजे, खरेदीच्या किमतीखेरीज दोन-तीन हजार डॉलर दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवा. तेवढे बाजूला काढणे जड जात असेल, तर ही गाडी आपल्याला परवडत नाही असे समजावे आणि कॅमरी घ्यावी. तीही टोयोटाचीच, आणि रात्री झोप शांत लागते!