‘लाळ’, ‘थुंकी’ आणि ‘बेडका’ : अर्थभेदाचा तौलनिक विचार

प्रस्तावना :
मुखावाटे बाहेर पडणाऱ्या स्रावांसाठी मराठीत ‘लाळ’, ‘थुंकी’ आणि ‘बेडका’ हे शब्द रूढ आहेत. व्यवहारात त्यांची सरमिसळ होत असली तरी त्यांची अर्थक्षेत्रे भिन्न आहेत. क्षयरोगाच्या निदानात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

अर्थविवेचन :
‘लाळ’ हा शब्द संस्कृत ‘लाला’ या शब्दापासून आला असून तो मुखातील लालाग्रंथींच्या स्रावाचा वाचक आहे. हा स्राव आपोआप पाझरतो. म्हणूनच लाळ ‘गळते’, तान्ह्या मुलास ‘लाळेरे’ बांधतात आणि गुरांच्या एका रोगास ‘लाळ्या खुरकूत’ म्हणतात.

‘थुंकी’ हे ‘थुंकणे’ या क्रियापदाशी निगडित नाम होय. यात द्रवापेक्षा कृती प्रधान आहे. मुखात असते ती लाळ. बाहेर टाकली की तीच थुंकी. या त्यागाच्या कृतीमुळे शब्दास तिरस्काराची छटा प्राप्त झाली आहे. ‘लाळ घोटणे’ आणि ‘थुंकी झेलणे’ हे दोन्ही वाक्प्रचार लाचारी दर्शवितात. मात्र पहिल्यात लाळ स्वतःची असते, तर दुसऱ्यात थुंकी दुसऱ्याची. त्यामुळे दुसऱ्यातील मानहानी अधिक तीव्र आहे.

‘बेडका’ म्हणजे श्वसनमार्गातून खोकून काढलेला घट्ट कफ. ‘कफ’ हा शब्द अधिक व्यापक असून आयुर्वेदात तो त्रिदोषांपैकी एक मानला जातो.

उपयोजन :
रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. फुफ्फुसाच्या क्षयात हे जंतू प्रामुख्याने बेडक्यात शोधले जातात. मराठीत मात्र या चाचणीस बहुधा ‘थुंकी तपासणी’ म्हटले जाते. ‘थुंकी द्या’ असे सांगितल्यास रुग्ण शब्दाचा प्रचलित अर्थ घेऊन लाळ देण्याची शक्यता असते. अशा नमुन्यात जंतू न आढळल्यास रोग असूनही निदान हुकू शकते. स्त्रियांना चारचौघांत खाकरण्याचा संकोच वाटत असल्याने ही शक्यता अधिक वाढते. रावळपिंडी येथे झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमुना कसा द्यावा हे समजावून सांगितलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के, तर न सांगितलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांच्या नमुन्यांत जंतू आढळले.

निष्कर्ष :
बोलीतील ‘बेडका’ हा शब्द काहीसा अशिष्ट समजला जातो. परंतु येथे तोच सर्वाधिक अचूक आहे. ‘खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून बेडका द्यावा’ अशी सूचना संदिग्धता दूर करते. आरोग्यविषयक मराठीत शब्दाची निवड करताना शिष्टतेपेक्षा अर्थाची निश्चिती महत्त्वाची मानणे आवश्यक आहे.