सायीचा रंग की आकाशी? ज्येष्ठांच्या खोलीची भिंत निवडताना

घर रंगवायचे ठरले की रंगाऱ्याने दिलेले छटापत्रक घरभर फिरते आणि चार दिवसांच्या चर्चेनंतर निवड बहुधा दोन फिकट रंगांवर येऊन थांबते. एक सायीसारखा, किंचित पिवळसर झाक असलेला. दुसरा फिकट आकाशी. दोन्ही सौम्य, दोन्ही उजळ. बैठकीच्या खोलीला यांपैकी कोणताही शोभेल. परंतु ज्या खोलीत घरातील वयोवृद्ध व्यक्ती दिवसाचा बहुतेक वेळ काढते, तेथे हा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही. रात्री उठल्यावर दाराची चौकट ओळखू येणे, भिंतीवरचा आधारदांडा चटकन हाती लागणे, दिवसा खोली उदास न वाटणे, या साऱ्यांशी भिंतीच्या रंगाचा संबंध आहे. मावळासारख्या पावसाळी मुलखात तर हा प्रश्न श्वासापर्यंत पोहोचतो.

वयाबरोबर रंगही बदलतात

डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळसर होत जाते आणि बाहुली लहान होते. त्यामुळे साठीतील माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उरतो. पिवळसर भिंग निळा प्रकाश अधिक अडवते. परिणामी, मुलाला वा सुनेला प्रसन्न आकाशी दिसणारी भिंत आजोबांना धुरकट राखाडी दिसू शकते. फिकट निळा, फिकट हिरवा आणि पांढरा यांतील भेद ज्येष्ठांना पुसट होत जातो.

मोतीबिंदू असेल तर हा फरक अधिकच वाढतो. प्रख्यात फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्यावर १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांना रंग वेगळे आणि फार निळे दिसू लागल्याची नोंद आहे. आपल्याकडेही शस्त्रक्रियेनंतर ‘ही भिंत एवढी पांढरी होती का?’ असे ज्येष्ठ विचारतात. म्हणून शस्त्रक्रिया नजीकच्या काळात ठरलेली असेल, तर रंगाचा निर्णय तिच्यानंतर, दृष्टी स्थिरावल्यावर घ्यावा.

मावळातील उजेड

रंगाला स्वतःचा उजेड नसतो. तो खोलीतील उजेड परतवतो. लोणावळ्यात वर्षाला साधारणपणे ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यापासून पूर्वेला कामशेत, वडगाव, तळेगावकडे यावे तसतसा तो झपाट्याने कमी होतो. लोणावळा-खंडाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये धुके खिडकीशी येऊन थांबते आणि भरदुपारी दिवे लावावे लागतात. अशा ढगाळ, थंड उजेडात आकाशी भिंत आणखी करडी दिसते. सायीचा रंग त्याच उजेडात उबदार राहतो. तळेगावातील दक्षिणेकडे खिडकी असलेल्या, उन्हाने भरणाऱ्या खोलीत मात्र आकाशी रंग सुखद वाटू शकतो. रंग मुळात चांगला वा वाईट नसतो. खोलीची दिशा आणि ऋतू त्याचा स्वभाव ठरवतात.

दिव्याचाही विचार करावा. घरोघरी लावले जाणारे ६,५०० केल्विनचे शुभ्र एलईडी दिवे निळसर प्रकाश देतात. त्याखाली सायीचा रंग फिका पडतो आणि आकाशी अधिक थंड दिसतो. ३,००० केल्विनच्या आसपासचा उबदार दिवा विश्रांतीला बरा. वाचनासाठी उशाशी वेगळा, पुरेसा प्रखर दिवा असावा.

दोन फळ्यांची परीक्षा

छटापत्रकावरील बोटभर पट्टीवरून निर्णय घेऊ नये. प्लायवूडचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन फूट लांबीचे दोन तुकडे घ्यावेत, त्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळल्यावर त्याच खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवावेत. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावे. परीक्षा उन्हाळ्यात होत असेल, तर पडदे अर्धे ओढून पावसाळी अंधाराचा अदमास घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाहणारे डोळे त्या खोलीत राहणाऱ्या व्यक्तीचे असावेत, आणि ती व्यक्ती नेहमीच्या जागी, पलंगावर किंवा आरामखुर्चीत असावी. घरातील इतरांनी उभ्याने, दारातून पाहून दिलेला कौल येथे दुय्यम होय.

रंगाचा पोतही पाहावा. तकतकीत भिंतीवर दिवा व खिडकी चमकते आणि ज्येष्ठांचे डोळे दिपतात. धुता येणारा, बिनचमकीचा किंवा अत्यल्प चमकीचा इमल्शन रंग अधिक योग्य.

भिंत आणि जमीन वेगळी दिसू द्या

सायीच्या भिंतीलाही एक धोका आहे. अलीकडच्या घरांत फरशीही बहुधा सायीचीच असते. दार, स्विचबोर्ड, आधारदांडा पांढरे. मंद दृष्टीला हे सारे एकमेकांत विरघळते आणि जमीन कोठे संपली, भिंत कोठे सुरू झाली, हे कळत नाही. ब्रिटनमध्ये सर्वांना वापरता येण्याजोग्या इमारतींसाठी केलेल्या मार्गदर्शनात, लगतच्या पृष्ठभागांच्या प्रकाश परतवण्याच्या अंकांत सुमारे ३० गुणांचा फरक सुचवला आहे. हा अंक, म्हणजे ‘एलआरव्ही’, काही रंगकंपन्या छटेसोबत देतात. तो मिळाला नाही, तरी तत्त्व सोपे आहे : भिंत फिकट ठेवावी, पण स्कर्टिंग, दाराची चौकट आणि आधारदांडा गडद तपकिरी वा गडद निळा असावा, स्विचबोर्डाभोवती गडद पट्टी ओढावी. फिकट भिंत खोली उजळते आणि गडद कडा वाट दाखवतात.

रंगाआधी ओल

मावळात भिंतीचा पहिला शत्रू ओल आहे. पश्चिमेकडून झडीचा पाऊस आदळतो, भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके उमटतात. ओलसर व बुरशी धरलेल्या घरांत खोकला, धाप आणि दम्याचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे. अशा भिंतीवर कोणताही रंग चढवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. आधी गळती, भेगा आणि पागोळ्यांचे पाणी यांचा बंदोबस्त करावा. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही कडांनी घट्ट चिकटवून एक दिवस ठेवावे. भिंतीकडील बाजूस पाणी जमले, तर भिंत अद्याप सुकलेली नाही.

म्हणूनच दिवाळीपूर्वी रंग उरकण्याची घाई लोणावळ्याच्या परिसरात अंगाशी येते. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंतचा कोरडा काळ अधिक भरवशाचा. तेव्हा खिडक्याही उघड्या ठेवता येतात आणि रंगाचा वास लवकर जातो. काम सुरू असताना व वास जाईपर्यंत ज्येष्ठांनी दुसऱ्या खोलीत झोपावे. जुना रंग घासण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा तैलरंग कोरडा घासू नये. तो पाण्याने भिजवून, धूळ न उडवता काढावा. लहान मुलांना व वृद्धांना तेथून दूर ठेवावे.

शेवटचा शब्द कोणाचा?

धुक्याच्या पट्ट्यातील, कमी उजेडाच्या खोलीसाठी वरील सर्व कारणांनी सायीचा रंग उजवा ठरतो. तरीही एखाद्या आजी ‘मला आकाशीच हवा’ म्हणतील. त्यांच्या माहेरी चुन्यात नीळ कालवून भिंती सारवल्या जात असतील आणि त्या निळसर भिंतींत त्यांचे बालपण गेले असेल. आजारपण आणि वार्धक्य यांत औषधाची वेळ, जेवणाचे पथ्य, बाहेर जाण्याची मुभा हे सारे इतर जण ठरवू लागतात. निदान रोज डोळ्यांसमोर असणारी भिंत तरी स्वतः निवडण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहू द्यावा. पलंगावरून समोर दिसणाऱ्या, खिडकीचा उजेड थेट पडणाऱ्या एका भिंतीला आकाशी रंग द्यावा, उरलेल्या तीन भिंतींना सायीचा. कडा मात्र गडदच ठेवाव्यात. त्यांच्या आवडीचा मान राहील आणि रात्री उठल्यावर दारही दिसेल.