निकाल हौशी ड्रायव्हरच्या हातात

क्वालालंपूरजवळच्या सेपांग ट्रॅकची एक फेरी ५.५४३ किलोमीटरची आहे. जीटी३ वर्गातली गाडी ती दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळात पूर्ण करते, म्हणजे अर्ध्या तासात साधारण चौदा फेऱ्या होतात. आता समजा, दोन गाड्यांतले व्यावसायिक ड्रायव्हर तोडीस तोड आहेत आणि फेरीमागे त्यांच्यात दोन दशांश सेकंदांचाच फरक पडतो. चौदा फेऱ्यांनंतरही हा फरक तीन सेकंदांच्या आत राहील. त्याच गाड्यांतले हौशी ड्रायव्हर मात्र फेरीमागे एकेका सेकंदाने मागेपुढे असणे अगदी सहज शक्य आहे, आणि तिथे चौदा फेऱ्यांत चौदा सेकंदांचे अंतर पडते. नाव व्यावसायिकाचे मोठे असते, पण शर्यतीचा निकाल बहुतेक वेळा हौशी ड्रायव्हर स्टिअरिंगवर असतानाच ठरतो.

‘जीटी वर्ल्ड चॅलेंज आशिया’ ही मालिका याच हिशेबावर उभी आहे. स्टेफान राटेल यांच्या एसआरओ मोटरस्पोर्ट्सने २०१७ मध्ये ब्लांपां या घड्याळ कंपनीच्या नावाने ती सुरू केली. पुढे नाव बदलले, करोनामुळे दोन हंगाम बुडाले, तरी मालिका टिकली. सेपांग, थायलंडमधले बुरिराम, जपानमधले सुझुका आणि फुजी असे ट्रॅक, एका गाडीला दोन ड्रायव्हर आणि एका आठवडाअखेरीला तासाभराच्या दोन शर्यती, असा तिचा थाट. प्रो-ॲम गटात या जोडीतला एक पेशाने ड्रायव्हर असतो. दुसरा सोमवारी आपल्या कारखान्यात किंवा ऑफिसात परत जाणारा असतो.

दोघांनाही लपायला जागा मिळू नये अशीच नियमांची रचना आहे. पात्रता फेऱ्या दोन, प्रत्येकाने एकेक चालवायची. एका शर्यतीची सुरुवात एकाने करायची, दुसरीची दुसऱ्याने. ड्रायव्हर बदलण्यासाठी पिटमध्ये यायचे ते पंचविसाव्या ते पस्तिसाव्या मिनिटांच्या दरम्यानच. खरे डावपेच या दहा मिनिटांत चालतात. हौशी ड्रायव्हरने सुरुवात केली असेल तर संघ ही वेळ सुरू होताच गाडी आत बोलावतो, म्हणजे उरलेली पस्तीस मिनिटे व्यावसायिकाला मिळतात. उलट व्यावसायिकाने सुरुवात केली असेल तर त्याला शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर ठेवायचे. पण सगळेच हा विचार करतात, त्यामुळे सगळे एकदमच आत येतात, पिट लेनमध्ये गर्दी होते आणि गाडी अडकते. एखादा संघ मग मुद्दाम दोन फेऱ्या थांबतो. शिवाय आधीच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलेल्यांना पिटमध्ये काही सेकंद जास्त थांबावे लागते, त्यामुळे एकच जोडी सलग जिंकत सुटत नाही.

ड्रायव्हर बदलणे हे जवळून पाहावे असे काम आहे. गाडी थांबण्याआधीच आतल्याने पट्टे सैल केलेले असतात. रेडिओची वायर काढायची, पाण्याची नळी सोडायची, स्टिअरिंग काढून वर ठेवायचे आणि लोखंडी पिंजऱ्याच्या नळ्यांतून अंग वाकवून बाहेर पडायचे. अलीकडच्या अनेक जीटी३ गाड्यांत सीट हलत नाही, पेडल आणि स्टिअरिंग पुढेमागे होतात. बुटक्या ड्रायव्हरसाठी त्याच्या पाठीच्या मापाचा फोमचा साचा असतो, तो जाता-येता काढायचा किंवा घालायचा. उतरलेला ड्रायव्हर पळून जात नाही. तोच दारातून आत वाकून जोडीदाराचे पट्टे आवळतो. सेपांगच्या दमट उन्हात अर्धा तास गाडी हाकून घामाने निथळणारा माणूस हे काम बोटे न थरथरता करतो. त्यासाठी गॅरेजमध्ये आधी अनेकदा तालीम झालेली असते.

हौशी माणसाला पाचशेहून जास्त अश्वशक्तीची गाडी झेपते, यामागे जीटी३ या वर्गाची घडण आहे. २००६ मध्ये राटेल यांच्याच पुढाकाराने हा वर्ग जन्माला आला, तो मुळात अशा ग्राहक-ड्रायव्हरांना डोळ्यांसमोर ठेवून. गाड्या फेरारी, पोर्शे, मर्सिडीज, ऑडी यांच्या रस्त्यावरच्या मॉडेलांवरून बेतलेल्या. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलला इथे परवानगी आहे, ते फॉर्म्युला वनमध्येही चालत नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकमेकींच्या बरोबरीत राहाव्यात म्हणून वजन आणि इंजिनाची ताकद नियमाने कमी-जास्त केली जाते. गाडीचा फरक असा पुसून टाकला की माणसांतला फरक उघडा पडतो.

मग हौशी कोण, हे ठरवणे आलेच, आणि सर्वांत जास्त भांडणे इथेच होतात. आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफआयए, ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा श्रेणी देतो. वय, पहिला परवाना कधी काढला, आजवर काय जिंकले, असे सगळे पाहिले जाते. उतारवयात व्यावसायिकाचीही श्रेणी खाली येते. ब्राँझ म्हणजे ढोबळमानाने हौशी. पण या चाळणीतून वेगवान माणसे खाली उतरतात, आणि संघांना हवी असतात ती नेमकी तीच. बेल्जियमची सारा बोव्ही ब्राँझ श्रेणीत होती. २०२२ मध्ये मोंझाला जागतिक एन्ड्युरन्स मालिकेत तिने आपल्या वर्गातली पोल पोझिशन घेतली. त्या मालिकेत महिलेने मिळवलेली ती पहिलीच. टेक्सासमधले मोटारविक्रेते बेन कीटिंग हेही ब्राँझ, आणि ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपला वर्ग त्यांनी २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोनदा जिंकला. व्यावसायिक जोडीदार त्यांच्याजवळ उत्तम होते, हे खरे. पण उत्तम व्यावसायिक तर प्रत्येक संघाकडे होते, कीटिंग एकाकडेच होते.

म्हणूनच या शर्यतींत व्यावसायिकाची खरी कसोटी ट्रॅकबाहेर लागते. सराव संपला की दोघे अभियंत्याच्या लॅपटॉपसमोर बसतात. पडद्यावर दोन रेषा एकमेकींवर ठेवलेल्या असतात, एक याच्या फेरीची, एक त्याच्या. सेपांगच्या शेवटच्या वळणापाशी दोन लांब सरळ पट्टे एका तीव्र वळणाने जोडलेले आहेत. तिथे हौशी ड्रायव्हर ब्रेक लवकर लावतो, हे कुणालाही दिसते. पण वेळ बहुधा दुसरीकडेच गेलेला असतो. त्याने ब्रेक हळूहळू दाबत नेलेला असतो. व्यावसायिकाची रेषा क्षणात उभी चढते आणि मग वळणाच्या पोटात शिरेपर्यंत अलगद उतरत जाते. पन्नाशीच्या यशस्वी उद्योजकाला हे पटेल अशा शब्दांत सांगणे, त्याचा उत्साह न मोडता आणि त्याला जिवाशी खेळू न देता, हे मोठे कसब आहे. स्वतः वेगवान असूनही ते न जमणारे ड्रायव्हर असतात, आणि त्यांना पुढच्या हंगामात जागा मिळणे अवघड जाते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बऱ्याच संघांत गाडीचा, टायरांचा, मेकॅनिकांचा आणि व्यावसायिक जोडीदाराच्या मानधनाचा खर्च हौशी ड्रायव्हरच उचलतो. यावर ‘पैसेवाल्यांचा खेळ’ असा शिक्का मारून मोकळे होणारे लोक आहेत. मला ते मान्य नाही. मोटार शर्यतीत पैसा कुणीतरी घालतोच. इथे तो घालणारा माणूस जाहिरातीचा फलक लावून खुर्चीत बसत नाही. तो हेल्मेट घालून इतरांच्याच नियमांनी मोजला जातो, आणि त्याच्या खिशातून एखाद्या होतकरू मुलाला उत्तम गाडीत जागा मिळते.

या वाटेने कुठवर जाता येते, याचे उदाहरण आशियाई ल माँ मालिकेत सापडते. हीही प्रादेशिकच स्पर्धा. चार तासांच्या शर्यती असतात, त्यात प्रोटोटाइप आणि जीटी गाड्या एकत्र धावतात आणि विजेत्यांना ल माँचे निमंत्रण मिळते. २०१८-१९ च्या हंगामात फिल हॅन्सनने पॉल डी रेस्टाबरोबर इथे एलएमपी२ या प्रोटोटाइप वर्गाचे विजेतेपद घेतले. २०२१ मध्ये चीनचा ये यिफेई आपल्या दोन साथीदारांसह त्याच वर्गात विजेता झाला. जून २०२५ मध्ये ल माँची मुख्य शर्यत जिंकणाऱ्या पिवळ्या फेरारीचे तीन ड्रायव्हर होते रॉबर्ट कुबित्सा, ये यिफेई आणि फिल हॅन्सन.

त्याच २०२१ च्या हंगामात भारतही होता. करोनामुळे चारही शर्यती फेब्रुवारीत दुबई आणि अबू धाबीला झाल्या. ‘रेसिंग टीम इंडिया’च्या एलएमपी२ गाडीत नारायण कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि भारतीय वंशाचे अमेरिकी हौशी ड्रायव्हर नवीन राव असे तिघे होते. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय, त्याच्याहून दोन दशकांनी लहान बंगळुरूचा मुलगा आणि एक हौशी, अशी ही मोट. अर्जुनला हे नवे नव्हते. २०१९ मध्ये ल माँला तो कॅनडाच्या जॉन फारानो या हौशी ड्रायव्हरबरोबर धावला होता. चेन्नईचा आदित्य पटेल तर ब्लांपां मालिकेच्या पहिल्याच हंगामात ऑडी घेऊन उतरला होता. जानेवारी २०२५ मध्ये दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत अभिनेते अजित कुमार यांचा संघ आपल्या वर्गात तिसरा आला, तेव्हा स्टँडमधल्या तमिळ प्रेक्षकांचा जल्लोष सगळ्या जगाने पाहिला.

आपल्याकडे मात्र यातली एकही शर्यत होत नाही. राटेल यांची माणसे एकदा येता येता राहिली. २०१२ मध्ये एफआयए जीटी१ स्पर्धेचा समारोप ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ठरला होता, पण तो झाला नाही. ट्रॅक आजही आहे, २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी झाली. तिथेच फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या तेव्हा त्रास झाला तो करांचा आणि सीमाशुल्काचा. उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानले होते. जीटी मालिकेच्या गाड्या, टायर आणि सुटे भाग काही दिवसांसाठी आणून परत न्यायचे असतात. त्यासाठी बंदरावर ठरलेली, वेळेत पुरी होणारी पद्धत लागते. मुंबई-पुण्यात फेरारी आणि पोर्शे घेणारे आता कमी नाहीत, आणि त्यातले कित्येक रविवारी पहाटे त्या गाड्या दोन शहरांमधल्या एक्स्प्रेसवेवर काढतात, जिथे त्यांच्या वेगाची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागू शकते. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, शर्यतीचा परवाना देणारी एफएमएससीआय ही राष्ट्रीय संघटना आहे, शिकवायला कार्तिकेयन आणि पटेल यांच्यासारखी माणसे आहेत. चाळिशीतल्या माणसाला ब्राँझ ड्रायव्हर व्हायला एवढे पुरते. वर्षातली एक शर्यत दिल्लीजवळ आली, तर ती पाहून पुढच्या हंगामासाठी गाडी विचारणारे दहा तरी लोक महाराष्ट्रातून निघतील, याची मला खात्री आहे.